वेलाचं छप्पर

आमच्या घरापुढे एके काळी लॉन होतं, हे आज सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. होतं मात्र. लातूरच्या काळ्या मातीत, आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाच्या पाण्यावर मी ते दीड वर्ष खपून वाढवलं होतं. नर्सरीतून गवताचे गड्डे आणले, वीत-वीत अंतरावर लावले, आणि शाळेतून आले की खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता आधी त्याला पाणी घालायचे. मी नांदेडची. माहेरी गोदावरीचं पाणी, वडिलांची बाग, मुदखेडहून आणलेले गुलाब. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा इथली रखरख बघून मला रडू आलं होतं, आणि माझ्या रडण्याचा पुढे हट्ट होतो. लॉन हा तसा हट्टच होता.

ते लॉन एका दुपारी नाहीसं झालं. शाळेतून येऊन बघते तर फाटकापासून ओसरीपर्यंत सगळी जमीन उकरलेली, ढेकळं वर आलेली, आणि कोपऱ्यात मुळ्यांसकट उपटलेल्या गवताचा गुडघाभर ढीग. ढिगाशेजारी आत्याबाई खुरपं धूत बसल्या होत्या. चेहरा घामाने निथळत होता, आणि त्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी समाधान दिसत होतं.

"लई माजली हुती हराळी," त्या म्हणाल्या. "शाळेच्या गडबडीत तुला येळ मिळत न्हाई, ध्यानात आलं माज्या. आता डोकं वर काढनार न्हाई ती."

मी ज्याला लॉन म्हणत होते ती त्यांच्या लेखी हराळी होती. खरं सांगायचं तर ती हराळीच होती. शेतात एकदा शिरली की माणसाला वर्षानुवर्षं दमवते ती. कुणी बाई पैसे देऊन ती विकत आणील, आणि पिण्याच्या पाण्याची मारामार असताना तिला झारीने आंघोळ घालील, हे त्या माउलीच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. माझ्या तोंडाशी जे आलं होतं ते मी गिळलं आणि चहा टाकायला आत गेले. चहा उकळेपर्यंत रागाने रडले. बाहेर येऊन पाहिलं, तर त्यांनी गणपतीच्या दुर्वांसाठी म्हणून तुळशीपाशी एक मूठ तेवढी राखून ठेवली होती.

आत्याबाई म्हणजे ह्यांची सख्खी आत्या. निलंग्याकडच्या पट्ट्यातलं त्यांचं गाव भूकंपात गेलं. तिकडची घरं दगडमातीची, वर हातभर जाडीचं मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, म्हणून जो तो त्यावर दर वर्षी नव्या मातीचा थर देत आलेला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तेच माळवद अंगावर आलं. आत्याबाईंचे यजमान, सून आणि आठ वर्षांची नात त्याखाली गेली. मुलगा साखर कारखान्यात रात्रपाळीला होता म्हणून वाचला. आत्याबाई मळ्यात होत्या. बाजारची गवार-भेंडी उजाडायच्या आत तोडायची म्हणून त्या विहिरीजवळ बाज टाकून निजल्या होत्या. एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्यांनी जास्त सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

काही महिने त्या मदतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिल्या, मग हे जाऊन त्यांना घेऊन आले. मी आतली खोली झाडून-पुसून ठेवली होती, नवी चादर घातली होती. त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, वर बघितलं आणि विचारलं, "सिलाप हाय का?" ह्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं की हो, सिमेंटचा स्लॅब आहे, लोखंड घातलेलं आहे, अगदी पक्कं काम आहे.

"माळवद बी पक्कंच हुतं," आत्याबाई म्हणाल्या, आणि बाज उचलून अंगणात घेऊन गेल्या.

त्या दिवसापासून त्या छताखाली निजल्या नाहीत. आत यायच्या, भाकरी थापायच्या, दिवाही लावायच्या, पण टेकायचं म्हटलं की अंगणात. थंडीत दोन वाकळा पांघरून अंगणात. फार पाऊस लागला तर ओसरीवरच्या पत्र्याखाली, तेही बसून. आम्ही आधी समजावलं, मग रागावलो, मग डॉक्टरांनाही विचारून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, त्या भागातली बरीच माणसं अजून अशीच निजतात, बळजबरी करू नका. मुलगा दर दिवाळीला न्यायला यायचा. त्याला नव्या गावठाणात घर मिळालं होतं, त्याने पुन्हा संसार मांडला होता. आत्याबाई त्याला पिशवीभर भाजी द्यायच्या आणि वाटेला लावायच्या. त्याच्याशी बोलताना त्यांची नजर जमिनीवर असायची. मला वाटायचं, सुनेच्या जागी दुसरी आली याचा राग असेल. माणसाच्या मनाचं मला फार कळतं, असा माझा तेव्हा समज होता.

तर लॉन गेलं आणि जागा मोकळी झाली. आत्याबाईंनी तिथे आधी गवार टोकली, मग भेंडी, आणि मृग निघाला तशी बाजेच्या चारी पायांशी दोडक्याची आणि कारल्याची आळी केली. कुठून तरी बांबू मिळवले, वर तारा ओढल्या, ओळखीच्या एका घरून तुराट्यांचे भारे आणून त्यावर पसरले. श्रावणात त्या तुराट्या दिसेनाशा झाल्या. बाजेवर हिरवी सावली, वर पिवळी फुलं, आणि मधूनमधून लोंबणारे दोडके. शेजारच्या काकू बघायला आल्या. त्यांनी हसत विचारलं की आत्याबाई, छपराची एवढी भीती, मग हे काय केलंत.

"ह्ये येलाचं हाय," आत्याबाई म्हणाल्या. "पडलं तर पडलं. दोडका डोस्क्यात पडून आजवर कुनी मेलं न्हाई."

गल्ली त्यावर आठवडाभर हसत होती. मीही हसले, आणि हसताना पहिल्यांदा मला ती बाई आवडायला लागली.

त्या मांडवाचा एकच नियम होता: तो उघडा पडू द्यायचा नाही. एक वेल म्हातारा होण्याआधी दुसरा त्याच्या पायाशी उगवलेला हवा. दसऱ्याच्या सुमाराला दोडक्याची पानं पिवळी पडायला लागली की वालाचं बी आधीच वीतभर वर आलेलं असायचं. संक्रांतीनंतर वालाला शेंगा भरत असतानाच दुधीचे वेल तारेला हात घालायचे. दुधीची मोठी पानं चैत्र-वैशाख तारून न्यायची, आणि मृगाआधी पंधरा दिवस पुन्हा दोडक्याचं बी ओल्या फडक्यात बांधून ठेवलेलं. मी शाळेत विज्ञान शिकवायची, फळ्यावर ऋतुचक्र काढायची. पण वेलाचं वय ओळखून त्याच्या मागे दुसरं उभं करणं मी आत्याबाईंकडून शिकले.

पाण्याचा हिशेब तर त्यांच्याकडून शिकावा. भांड्यांचं पाणी वेलाला, तांदळाचं धुवण तुळशीला, आंघोळीचं पाणी पन्हाळीने थेट वालाच्या वाफ्यात. गळके माठ त्या फेकू द्यायच्या नाहीत. गळ्यापर्यंत जमिनीत पुरायच्या, वर झाकणी ठेवायच्या, आणि आठवड्यातून एकदा भरायच्या. बाकीचं माठ आपला आपण झिरपत करायचा. किड्यांवर चुलीची राख, तीही सकाळी दव असताना उधळायची, म्हणजे पानाला चिकटते. निलंग्याकडून कुणी येणार असेल तर लोक त्याला गूळ आणायला सांगतात. आत्याबाई उसाचं पाचट आणायला सांगायच्या. एकदा ह्यांच्या एका साहेबांनी जीपमध्ये मागच्या सीटवर पाचटाचा भारा घालून आणला, आणि नंतर महिनाभर ऑफिसात त्याचीच चर्चा होती.

एक गोष्ट मात्र मला सुरुवातीला बघवत नसे. फाल्गुन संपला की काळी माती फाटायला लागते. पाय जाईल एवढाल्या भेगा पडतात. आत्याबाई रोज सकाळी खुरपं आणि घमेलं घेऊन बसायच्या आणि एकेक भेग बुजवायच्या. वरची माती भुसभुशीत करून आत लोटायच्या, बोटांनी दाबायच्या, पाचट पसरायच्या. एक बुजवली की दुसरीकडे सरकायच्या. मी खिडकीतून बघत राहायची. वाटायचं, ही बाई कधी बरी होणार नाही. एके दिवशी न राहवून मी त्यांच्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि म्हटलं, पुरे करा आता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे खुरपं परत घेतलं. भेगंतून वल उडून जाते, त्या म्हणाल्या, आणि मुळ्या तटातट तुटतात. त्या वैशाखात गल्लीतल्या सगळ्यांची झाडं करपली, आमच्याकडे मात्र दुधी लागत होते. त्यातलं भय किती आणि शहाणपण किती, हे मला कधीच सांगता आलं नाही. बहुतेक त्यांनाही आलं नसतं.

माहेरून आणून कोपऱ्यात लावलेले माझे मुदखेडचे गुलाबही त्यांनीच जगवले. खाता येत नाही त्याला एवढं पाणी कशाला, हे रोज ऐकवायच्या, आणि दसऱ्यानंतर छाटणीची वेळ आली की माझ्याआधी कात्री घेऊन हजर. मला चिडवायचं असलं की सूनबाईची 'मास्तरीन' व्हायची. "मास्तरीन, तुज्या फुलाला मावा लागलाय, शाळा बुडीव आज."

अशी आठ-नऊ वर्षं गेली. तोवर लातूर पार बदललं. कुठून कुठून मुलं शिकायला येऊ लागली. आधी कॉलेजात, मग क्लासला, मग क्लासच्या क्लासला. आमच्या गल्लीत सकाळी पाच वाजता सायकलींच्या घंट्या वाजायला लागल्या. प्रत्येक फाटकावर पाटी लागली, मुलींसाठी खोल्या, मुलांसाठी खोल्या, सोबत डबा. शेजारच्या काकूंचा पेरू गेला, समोरच्यांची चिंच गेली, जिथे जिथे अंगण होतं तिथे तिथे खोल्यांच्या रांगा उठल्या. मी शिक्षिका. एवढी मुलं शिकायला येतात याचा मला अभिमानच होता. आम्हीही पश्चिमेच्या भिंतीला लागून दोन खोल्या काढल्या. आत्याबाईंचा मांडव पूर्वेला, त्याला धक्का लागला नाही, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. फक्त स्लॅब टाकला त्या दिवशी मळ्यात निघाल्यासारख्या डोक्यावर पदर घेऊन फाटकाबाहेर गेल्या आणि दिवेलागणीला परत आल्या.

खोल्यांत मुली आल्या. कुणी मुखेडची, कुणी देगलूरची. त्या वर्षी एक कंधारची होती, बारीक, डोळ्यांना मोठा चष्मा, वडिलांचं किल्ल्याच्या रस्त्यावर छोटं किराणा दुकान. तिला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणजे घरच्यांना तिने डॉक्टर व्हायला हवं होतं, आणि तिला हे दोन्ही एकच वाटण्याइतकी ती गुणी होती. गल्लीभर सिमेंट झाल्यामुळे संध्याकाळी भिंती भट्टीसारख्या तापायच्या. आमच्या मांडवाखाली तेवढा गारवा असायचा. ती पुस्तकं घेऊन तिथे येऊन बसायची. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. आत्याबाई नर फूल तोडून मादी फुलावर टेकवायच्या. ते बघून पोरगी चष्मा सावरत म्हणाली, आज्जी, हे आमच्या पुस्तकात आहे. आत्याबाई म्हणाल्या की मग पुस्तकात बी दुधी लागत असतील. मग रोज ते काम ती करू लागली. दिवसभरात ती हसायची ती बहुधा तेवढ्याच वेळात.

त्याच वर्षी ह्यांनी पूर्वेच्या बाजूला आणखी तीन खोल्या काढायचं ठरवलं. ह्यांनी म्हणजे आम्ही. मी हो म्हटलं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. ह्यांची निवृत्ती जवळ आली होती, गल्लीत सगळ्यांनी बांधलं होतं, आणि मांडवाखालची जमीन तेवढी मोकळी होती. प्रश्न आत्याबाईंचा. त्यांनी कुठे निजायचं. ओसरीला जाळी लावून देऊ, असं हे म्हणाले. पण ओसरीचा पत्रा काढून तिथेही स्लॅबच यायचा होता. हे सगळं त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण ह्यांना आत्याकडे बघून ते बोलवेना.

मी शनिवारी शाळा सुटल्यावर सांगितलं. वर्गात अवघड धडा सांगते तसं, मुद्दे पाडून. मुलींच्या परीक्षा झाल्या की मांडव काढू, पावसाआधी स्लॅब टाकू, तुम्हाला ओसरीवर सोय करू, नाहीतर मग तुमच्या मुलाकडे, तिथली घरं भूकंपाला धरूनच बांधलेली आहेत. आत्याबाई लसूण सोलत होत्या. सोलता सोलता थांबल्या नाहीत.

"दुधी उतरू दे," एवढंच म्हणाल्या.

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी भांडायला तयार होऊन गेले होते. त्यानंतर घरात सगळं नेहमीसारखं चालू राहिलं, म्हणून मला वाटलं, निभलं. मग वैशाखाचे शेवटचे दिवस आले. दुधीची पानं कडांनी वाळायला लागली, आणि एका सकाळी माझ्या लक्षात आलं की दोडक्याचं बी कुठे भिजत घातलेलं दिसत नाही. चुलीजवळच्या खुंटीला ओलं फडकं नाही. आळी उकरलेली नाहीत. भेगा तशाच पडलेल्या होत्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा मांडव उघडा पडणार होता. मी विचारलं तर म्हणाल्या, कशाला लावायचं, उगंच उपटायला बी जीव लागतो. मी शाळेत गेले आणि त्या दिवशी प्रत्येक वर्गात कुणा ना कुणावर खेकसले.

मिस्तरी सोमवारी येणार होता. रविवारी कंधारच्या मुलीची प्रवेशपरीक्षा. शनिवारी जेवणं आटोपली आणि वीज गेली. त्या दिवसांत ती जायचीच, पण त्या संध्याकाळी हवा अशी कोंडली होती की भिंतीला हात लावला तर चटका बसावा. मी ओसरीवर पदराने वारा घेत बसले होते. हे पायरीवर होते. आत्याबाई मांडवाखाली बाजेवर. वरची पानं विरळ झाल्यामुळे त्यांच्या अंगावर चांदणं पडलं होतं. खोलीचं दार उघडलं आणि ती पोरगी बाहेर आली. काखेत सतरंजी, हातात उशी. चष्मा नव्हता म्हणून ती आणखीच लहान दिसत होती.

"मॅडम, मी आज आज्जीजवळ निजू का बाहेर? आत जीव घाबरा होतोय."

मी एकवीस वर्षं मुलींच्या शाळेत काढलेली बाई. परीक्षेच्या आदल्या दिवशी काय करावं, काय करू नये, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. बाहेर डास, बाहेर विंचू-किडे, पहाटे गार वारा लागला तर ऐन पेपरला शिंका. तिच्या वडिलांना उद्या मी काय उत्तर देऊ.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "उद्या पेपर आहे. आत जाऊन गुपचूप झोप."

पोरीने मान हलवली आणि वळली. आज्ञाधारक मुली वळतात तशी. मांडवाखाली बाज करकरली. आत्याबाई उठून बसल्या होत्या.

"तिला यू दे, सूनबाई."

मी डासांचं सांगू लागले. त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण तो आवाज मी नऊ वर्षांत ऐकला नव्हता.

"म्या बी असंच म्हनलं हुतं. सतरंजी काखंत मारून आली हुती ती, मळ्याच्या वाटंवर, माज्या मागं पळत. आज्जी, मला बी येऊ दे म्हनली. इसर्जनात नाचून नाचून दमली हुती. म्या म्हनलं, उद्या शाळा हाय, घरी नीज. रडली, पर माघारी गेली. लई ऐकायची माजं."

पोरगी दाराशी तशीच उभी होती, आज्जी कुणाबद्दल बोलते आहे हे तिला माहीत नव्हतं, तरी तिने सतरंजी घट्ट धरली होती. आत्याबाई हातांनी वाकळेची शिवण चाचपत होत्या. मग म्हणाल्या, "पोराला आजवर सांगितलं न्हाई म्या. त्याला वाटतं ती झोपंतच घरी ऱ्हायली."

मला तेव्हा लाज वाटली, आणि ती कशाकशाची होती हे अजून पुरतं मोजता आलेलं नाही. मला वाटलं होतं, ही बाई स्वतःच्या जिवाला भिते. नऊ वर्षं आम्ही सगळे हेच समजत होतो, डॉक्टरसुद्धा. तिच्या मुलाकडे ती का बघत नाही याचंही उत्तर मी परस्पर काढून ठेवलं होतं. आणि आता, तिच्या देखत, माझ्या अंगणात, जवळजवळ तेच शब्द मी दुसऱ्या एका पोरीला बोलले होते, आणि ही पोरगीही निमूट माघारी वळली होती.

हे पायरीवरून उठले. म्हणाले, "आत्या, मिस्तरीला मी उद्या नको म्हणून सांगतो. मांडव राहू दे."

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "बांध तू. तुजी नड हाय, मला दिसतीया. म्या वसरीवर ऱ्हाईन बसून. पर पोरी म्हनल्या भायेर निजू दे, तर निजू देत जा. तेवढं कबूल कर मला."

आपलं एकुलतं एक छप्पर ती बाई देऊन टाकत होती, आणि बदल्यात मागत होती ते स्वतःसाठी नव्हतंच. हे तोंड फिरवून फाटकाशी जाऊन उभे राहिले. मी पोरीच्या हातातली सतरंजी घेतली, बाजेशेजारी जमीन हाताने साफ केली, भेगा होत्या तिथे पाचट सारलं आणि सतरंजी अंथरली. ती आडवी झाली. आत्याबाईंनी बाजेवरून हात खाली सोडला आणि तिच्या केसांवर ठेवला. मी आत गेले, माझी गादी उचलली आणि घेऊन आले. लग्न झाल्यापासून मी त्या अंगणात कधी निजले नव्हते.

सकाळी पोरगी ताजीतवानी उठली, आंघोळ करून, दही-साखर खाऊन परीक्षेला गेली. शिंक एकही आली नाही. ती गेल्यावर मी खुरपं घेऊन आळी उकरायला बसले. आत्याबाई बघत राहिल्या, मग आत गेल्या आणि दोडक्याचं बी घेऊन आल्या. ते त्यांनी टाकलं नव्हतं, पिठाच्या डब्यामागे पुडीत होतं. हे मिस्तरीकडे जाऊन आले. त्याने नंतर कुणालातरी सांगितलं म्हणे, त्या घरातली माणसं जरा तऱ्हेवाईक आहेत, दोडक्यापायी खोल्या सोडल्या. त्या पावसाळ्यात मांडव लांबवून थेट मुलींच्या खोल्यांच्या दारापर्यंत नेला. दिवाळीला मुलगा आला तेव्हा आत्याबाई त्याला मांडवाखाली घेऊन बसल्या आणि बराच वेळ बोलल्या. मी मुद्दाम आत राहिले. खिडकीतून एवढंच दिसलं की त्याने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आहे.

आत्याबाई त्या मांडवाखाली आणखी सहा वर्षं निजल्या. आता वेल मीच लावते, आणि खोल्यांत दर वर्षी नव्या मुली येतात. चैत्र लागला की त्यांतली एखादी हमखास सतरंजी घेऊन दाराशी उभी राहते आणि विचारते, काकू, बाहेर निजू का. उद्या टेस्ट आहे, आत झोप, हे वाक्य इतक्या वर्षांनंतरही माझ्या जिभेवर आधी येतं. मी ते गिळते, आणि तिच्यासाठी जागा झाडून देते.